विलंबाचे कारण

रीताने नोंदवहीत अकरा वेळा एकच शब्द लिहिला होता, आणि अकराही वेळा तो सुवाच्य अक्षरात लिहिला होता. शब्द होता ‘विनाकारण’.

एसटीत वाहक म्हणून लागून तिला दीड वर्ष झालं होतं, आणि साकोलीला बदलून येऊन जेमतेम महिना. गाडी उशिरा पोचली की वाहकाने किती मिनिटं उशीर ते लिहायचं आणि शेजारच्या ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात कारण भरायचं, अशी तिथली शिस्त. बाकीचे वाहक फाटक बंद, बैलबंडी आडवी, बाजाराची गर्दी असं काहीबाही लिहून मोकळे व्हायचे. रीता अशी मोकळी होणारी नव्हती. तुमसरच्या राईस मिलमध्ये तिच्या बापाने तीस वर्षं पोती वाहिली होती. पाठीवर पोतं असताना थांबायचं नसतं, हे त्या घरातलं पहिलं शिक्षण. त्यामुळे जे खरं दिसलं तेच तिने लिहिलं: ‘चालकाने गाडी विनाकारण हळू केली.’

चालक म्हणजे ईश्वर कापगते. वय सत्तावन्न, नोकरी एकोणतीस वर्षं. ठेंगणी मूर्ती, पिकलेल्या जाड भुवया, आणि सगळ्याच गोष्टीत एक प्रकारचा निवांतपणा. कुणी ‘रामराम’ म्हटलं तर उलटा रामराम येईपर्यंत समोरचा माणूस चार पावलं पुढे गेलेला असायचा. चहा प्यायचे तो थंड करून. जेवायला बसले की बाकीच्यांचे डबे धुऊन होत आणि यांची दुसरी भाकर सुरू असे. अशा माणसाबरोबर आपल्याला साकोली-सानगडी फेरीवर घातलंय हे कळलं तेव्हा रीताने मनातल्या मनात कपाळावर हात मारला होता.

हळू चालवायलाही हरकत नव्हती, पण ते चालवायचे भलत्याच ठिकाणी हळू. सरळ, मोकळा, चांगला डांबरी रस्ता असे, आणि एकदम इंजिनाचा आवाज खाली यायचा. पुढे माणूस नाही, जनावर नाही, खड्डासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच.

“काका, इथं काय हाय?”

“काई नाई.”

“मंग हळू कायले केली?”

काकांनी वळण पार केलं, पुढचा गिअर टाकला, आणि मग उत्तर दिलं. “काई दिसत नाई, म्हणून.”

आपली थट्टा चालली आहे असं वाटून रीता मागे जाऊन बसली. साकोलीला गाडी सात मिनिटं उशिरा लागली. नागपूरची बस निघून गेलेली. अर्ध्या तिकिटात पूर्ण तोरा मिरवणाऱ्या दोन बायांनी तिला चारचौघांत झाडून काढलं, आणि तिने नोंदवहीत पहिल्यांदा तो शब्द लिहिला. नंतर तो तिच्या हाताला सवयीचाच झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी चालकांची तपासणी करणारी एक गाडी आगारात आली. तिच्यात एक खुर्ची, खाली ब्रेकचं पायदान आणि समोर एक दिवा. लाल दिवा लागला की पायदान दाबायचं. मध्ये किती वेळ गेला तो मशीन सांगणार. दिवसभर त्या गाडीभोवती जत्रा होती. विनोद नावाचा तिशीतला चालक सगळ्यांत चपळ निघाला, छत्तीस शतांश सेकंद. तो उतरला तो कॉलर ताठ करूनच. ईश्वरकाकांचा आकडा आला एकसष्ट. बावीस चालकांमध्ये बाविसावा.

“काका, दिवा विझल्यावर दाबला का?” विनोद म्हणाला, आणि सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या सवयीप्रमाणे जरा उशिराच.

दुसऱ्या दिवशी आगारप्रमुख कृष्णरावांनी काकांना आणि रीताला केबिनमध्ये बोलावलं. कृष्णराव यवतमाळकडचे, कापसाच्या मुलखातले. या भागात नवीन, पण माणूस सरळ. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक मशीनचा कागद, दुसरी रीताची नोंदवही. अकराही ठिकाणी ‘विनाकारण’खाली लाल रेघ मारलेली.

“कापगते, एकोणतीस वर्षांत तुमच्या हातून एकही अपघात नाही. मी फाईल पाहिली,” साहेब म्हणाले. “पण मशीन म्हणतं पाय मंद झाला, आणि वही म्हणते गाडी कुठेही हळू होते. तुमच्या मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात. पुढच्या गुरुवारी मी स्वतः तुमच्या गाडीत बसतो. मला बरोबर वाटलं तर उत्तम. नाहीतर राहिलेले सात महिने टायरच्या खोलीत बसा. पगाराला धक्का नाही.”

काकांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, आणि तिथे वळून म्हणाले, “साहेब, पगाराचं नाई. मी शिटवर बसून आलो या आगारात. शिटवरूनच उतरलो असतो तं बरं झालं असतं.”

एवढंच बोलून ते गेले. रीता मात्र तिथेच उभी राहिली, त्या लाल रेघांकडे पाहत. आपण खोटं काहीच लिहिलं नव्हतं, तरी तिला चोरी करून पकडल्यासारखं वाटलं.

दुपारी ती चालक-वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत गेली. माफी मागायची की जाब विचारायचा, हे तिचं तिलाच ठरवता आलेलं नव्हतं. काका भिंतीला टेकून बसले होते आणि समोर भुरी बसली होती.

भुरी म्हणजे आगाराची मांजर. रंगाने राखेसारखी, स्वभावाने जमीनदारीण. बावीस चालकांपैकी एकवीस जणांना ती ओळख देत नसे. काका घरून कागदाच्या पुडीत सुकलेले झिंगे आणायचे आणि त्यांचा एक खेळ चाले. काका बोटांत झिंगा धरून हात उंच करायचे, दोघं एकमेकांकडे बघत बसायचे, आणि मग काका झिंगा सोडायचे. झिंगा जमिनीवर पडलेला रीताने त्या दिवशी एकदाही पाहिला नाही. सुटलेला दिसायचा, आणि मग भुरीच्या तोंडातच दिसायचा. मधलं काही दिसतच नव्हतं.

“पाह्यलं?” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं की जणू पंजा त्यांनीच मारला.

तेवढ्यात फडताळावरचं ॲल्युमिनियमचं झाकण पंख्याच्या वाऱ्याने सरकत सरकत कडेला आलं आणि खाली पडलं. रीता दचकली. बाकावर झोपलेला एक वाहक उठून बसला आणि ‘काय झालं’ म्हणाला. दारातल्या कुत्र्याने मान वर केली. आणि भुरी? ती खिडकीत होती. झाकणाचा खणखणाट पुरता संपायच्या आत ती जमिनीवरून खिडकीत पोचली होती आणि वर शेपूट पायाभोवती गुंडाळून, आपल्याला याच्याशी काही देणंघेणं नाही अशा चेहऱ्याने बसली होती.

“आधी मांजर,” काका बोटांवर मोजत म्हणाले, “मंग कुत्रं, मंग आपण. आन् म्हैस इथं असती तं तिनं संध्याकाळी मान वळवली असती.”

रीताला हसू आलं आणि ती खाली बसली. मग काका बोलायला लागले. इतकं सलग बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांची मुलगी तृप्ती सानगडीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने वर्गात पोरांना एक प्रयोग करून दाखवला होता, तोच तिने घरी बापावर केला. ती पट्टी वरून उभी धरणार, बाप खाली बोटं उघडी ठेवून बसणार. ती न सांगता पट्टी सोडणार, बापाने ती चिमटीत पकडायची. जितके सेंटिमीटर पट्टी निसटली, तितका माणूस मंद.

“तिच्या पोरापोरीईची पंधरा-सोळावर पकडून होते. माही दोन वर्षाआधी चोवीसवर झाली. यंदा सव्वीस.” काकांनी दोन बोटांत ते अंतर दाखवलं. “आन् तृप्ती म्हणते, मांजरीले जर पट्टी धरता आली असती, तं तिनं तीन-चारच्या खाली जाऊ देली नसती. सापानं फणा मारला तरी ते त्याच्या आधी बाजूले होते. मी पाह्यलं हाय डोळ्यानं, आमच्या खळ्यात. नाग दोनदा मारायले धावला, दोनदा जमिनीवर आपटला. मांजर आपली उभी. फक्त माशी तिच्यावर मात करते. माशी कोनालेच सापडत नाई.”

“म्हणजे तुमाले आधीच ठाऊक होतं?” रीताने विचारलं.

“मंद झालो ते? मशीनच्या आधी माह्या पोरीनं सांगितलं ना मले.” ते थांबले. “पह्यल्या दिवशी जेवण गेलं नाई. चाळीसनं गाडी चालली तरी एका सेकंदात आपली गाडी तिच्या लांबीएवढी पुढं जाते. मी एकटा राह्यलो असतो तं चाललं असतं. मांगं लोकं बसले राह्यतात.”

त्या रात्री, ते सांगत होते, त्यांनी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. सकाळी आगारात आले आणि भुरीकडे पाहत बसले. नुसतंच, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. भुरी उन्हात झोपली होती. डोळे मिटलेले, पण कान मात्र जागे. बाहेर गाडी वळली की एक कान तिकडे, भांडं वाजलं की दुसरा कान इकडे. चारही पाय पोटाखाली असे घेतलेले, की उठायचं झालं तर उठण्यात वेळच जाऊ नये.

“तवा मले समजलं,” काका म्हणाले. “ते चपळ तं हायच. देवानं देलं हाय तिले, ते आपल्याले कुठून येईन? पण ते टपून राह्यते ना, ते आपल्याले जमते. ते उडी मारायच्या आधीच उडीत राह्यते. तवापासून मी टपून गाडी चालवतो.”

“टपून?”

“पाय ब्रेकच्या वर. नुसता वर, टेकवाचा नाई. जिथं दिसते तिथं धावू देतो. जिथं दिसत नाई तिथं टपतो. चितळ आडवं गेलं तं लोक म्हणतात गेलं. मी म्हणतो मांगं अजून चार हायत, एक चितळ कधीच राह्यत नाई. रानडुक्कर सरळ जाते, ते वळत नाई. शेळी अर्ध्यातून वापस येते. कुत्रं आधी इचार करते, तिथंच फसते. म्हैस आपल्याले पाह्यते आन् उभी राह्यते. आन् मांजर...” इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. “इतकं चपळ जनावर, पण गाडीच्या लाईटीत थबकते बिचारं. तिथं तिची चपळाई काई कामाची नाई. तिथं आपणच टपलं पायजे.”

रीताने नजर खाली घातली. मग म्हणाली, “काका, त्या वहीत मीच लिहिलं.”

“ठाऊक हाय. तुह्यं अक्षर साजरं हाय, लगेच वळखू येते.” त्यांनी पुडीतला शेवटचा झिंगा भुरीपुढे ठेवला. “तुले दिसलं ते तू लिहिलं, पोरी. तुले कारण दिसलं नाई, त्यात तुही काय चूक?”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

पुढचे चार दिवस रीता तिकिटं फाडून झाली की पुढे येऊन उभी राहायची. रस्ता बघायची आणि काकांचा पाय बघायची. सहा ठिकाणं होती. एका ठिकाणी पळसाची दाटी होती आणि तिच्यामागून पाऊलवाट रस्त्याला लागत होती. एका ठिकाणी बोडी होती. छोट्या तलावाला इकडे बोडी म्हणतात. तिची पाळ रस्त्यापेक्षा उंच, आणि पाळीवरून म्हशी उतरल्या की थेट डांबरावर. एका ठिकाणी नुसतं घराचं दार होतं, पण दाराच्या आत पाळणा टांगलेला असे. म्हणजे रांगतं मूल, म्हणजे त्याच्यामागे धावणारी आई. तिने ज्याला ‘विनाकारण’ लिहिलं होतं, त्या सहाही ठिकाणी कारण बसलेलं होतं, फक्त ते अजून उठून रस्त्यावर आलं नव्हतं. काकांबद्दल तिला इतकं प्रेम दाटून आलं की तिने एका दारुड्याला सुट्टे पैसे न मागता तिकीट दिलं.

पण साहेबांना हे कसं सांगणार? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार?

गुरुवार उजाडला. कृष्णराव पुढच्या बाकावर बसले, मांडीवर फाईल, हातात पेन. काकांनी रोजच्यासारखा स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. रीताने घंटी दिली.

डिसेंबरचे दिवस. भाताच्या बांध्यांमधलं धान कापून झालेलं, मळणी जोरात. जातानाच्या फेरीत काहीच घडलं नाही. काका सहा जागी हळू झाले, साहेबांनी सहा वेळा मनगटावरचं घड्याळ पाहून सहा वेळा काही लिहिलं. सानगडीला गाडी चार मिनिटं उशिरा पोचली. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

परतताना गाडी भरलेली होती. सानगडीपासून दोनेक किलोमीटरवर दुसऱ्या एका बोडीच्या कडेने डावं वळण आहे. वळणावर बेशरमाची झाडं माजलेली, पलीकडचं काही दिसत नाही. पण ते काकांच्या सहा जागांपैकी नव्हतं, कारण एरवी तिथे कुणी रस्त्यावर येत नसे, आणि तासाभरापूर्वी जाताना तर त्यांनी रस्ता मोकळाच पाहिला होता. गाडी चांगली पन्नासच्या वेगात होती. आणि एकदम इंजिनाचा आवाज उतरला. ब्रेक लागला, साधा, दमदार, कुणी पुढे फेकलं जाणार नाही असा. दुसरा गिअर. गाडी माणसाच्या चालीने सरकू लागली.

“आता काय झालं, कापगते?” कृष्णरावांचा आवाज चढला. “इथे तर काहीच नाही!”

काकांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. गाडी वळणावरून रांगत पुढे गेली, आणि पलीकडचा रस्ता दिसला.

रस्त्याची डावी बाजू, म्हणजे यांचीच बाजू, वळण संपतं तिथूनच पिवळीधमक होती. कुणीतरी धान वाळत घातलं होतं. चाळीस-पन्नास पावलं लांब, कडेने दगड लावून. डांबर तापतं, धान लवकर सुकतं, म्हणून इकडे बरेच जण असं करतात. एरवी जागा बघून करतात, पण या घरच्यांनी पुढच्या झाडांची सावली चुकवायच्या नादात वळणाच्या तोंडाशीच पसरलं होतं. आणि त्या धानात एक म्हातारी गाडीकडे पाठ करून चालत होती. वाळतं धान वरखाली करायला बायका त्यात पाय घासत, रेघा ओढत चालतात, तशी. डोक्यावर पदर, नजर पायाशी. रस्त्याच्या उजव्या बाजूने पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर येत होता. म्हणजे बाजूला घ्यायलाही जागा नव्हती.

काकांनी धानाच्या अलीकडे, कोऱ्या डांबरावर गाडी उभी केली. इंजिन घुरघुरत होतं. हॉर्न त्यांनी वाजवला नाही. म्हातारी दचकून ट्रॅक्टरच्या बाजूला धावली तर काय घ्या. ट्रॅक्टर निघून गेला. म्हातारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने आपली रेघ शांतपणे शेवटपर्यंत नेली, मग वळली, आणि समोर एवढी लाल गाडी पाहून तिने कमरेवर हात ठेवले.

“काहून रे!” ती ओरडली. “माह्या धानावर गाडी घालून राह्यला का? डोळे फुटले का तुहे?”

“नाई वो रुखमिणीबाई, थांबलो ना मी,” काका खिडकीतून हात जोडून म्हणाले. ती कानाने अधू आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हात जरा जास्तच वर करून जोडले.

सगळी गाडी हसली. कृष्णराव हसले नाहीत. ते फाईल घेऊन खाली उतरले, म्हातारीला चार शब्द सुनवायला. तावातावाने निघाले आणि धानावर पहिलं पाऊल पडताच त्यांचा बूट सटकन पुढे गेला. दाणे पायाखालून गोट्यांसारखे पळाले. साहेब एका गुडघ्यावर आले, फाईल उडाली, कागद धानावर पसरले. रीता धावली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

ते उठले, पण पुढे गेले नाहीत. त्यांनी बुटाने धान हलकेच दाबून पाहिलं. पुन्हा सटकलं. मग त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं, गाडीच्या चाकांकडे, चाकं आणि धान यांच्यामधल्या चार हात कोऱ्या डांबराकडे, आणि मग त्या म्हातारीकडे, जी आता उलट्या दिशेने दुसरी रेघ ओढायला लागली होती.

“यावर ब्रेक मारला असता तर...” ते म्हणाले.

“लागला नसता, साहेब,” रीता म्हणाली. “वळणावरून पन्नासनं आले असते, तर धान दिसल्याबरोबर कितीही चपळ माणसानं ब्रेक मारला असता, तरी धानावरच मारला असता. विनोदभाऊनं मारला असता तरी. गाडी घसरत गेली असती.” तिने पायाशी पडलेला एक कागद उचलून त्यांच्या हातात दिला. “तुमचं मशीन दिवा लागल्यापासून मोजते, साहेब. हे काका दिवा लागायच्या आधी ब्रेक मारतात. ते मोजायचं मशीन तुमच्याकडे नाही. माझ्या वहीतपण त्याचा रकाना नव्हता, म्हणून मी विनाकारण लिहिलं. माझं चुकलं.”

कृष्णरावांनी कागद गोळा केले, धानाचे दाणे झटकले, आणि ते काकांच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

“कापगते, तुम्हाला कसं कळलं? तासाभरापूर्वी इथे काही नव्हतं.”

काकांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला.

“पाखरं उडाली ना, साहेब. बेशरमाच्या वरून. पारवे आन् साळुंक्या, एकदमच. डांबरावर पाखरं कायले बसतीन? दाणे राह्यले तरच. आन् बसलेली पाखरं कायले उडतीन? कोनी चालत आलं तरच. म्हणून म्हटलं, धान हाय आन् धानात माणूस हाय.”

साहेबांनी मागे वळून बेशरमाच्या झाडांकडे पाहिलं.

“पाखरं मीही पाहिली,” ते म्हणाले. “पण मला ती नुसती पाखरंच दिसली.”

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी पाहून रीताच्या मनातला त्यांच्याबद्दलचा सगळा राग गेला. ते गाडीत येऊन बसले, सकाळपासून भरलेला कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि म्हणाले, “चला. सावकाश चला.”

काका टायरच्या खोलीत गेले नाहीत. जूनच्या तीस तारखेपर्यंत ते शिटवर होते, आणि शेवटची फेरी साकोलीच्या स्थानकात लावून शिटवरूनच उतरले. तृप्ती शाळेला सुट्टी टाकून आली होती. हार झाले, पेढे झाले. विनोद पट्टी घेऊन आला. सगळ्यांसमोर त्याने ती वर धरली आणि सोडली. काकांनी पकडली तेव्हा अठ्ठावीस सेंटिमीटर निसटले होते. पोटभर हशा झाला आणि सगळ्यांत जास्त काकाच हसले, यावेळी सगळ्यांच्या बरोबरीने. भुरी खिडकीत होती. तिने एक कान इकडे वळवला आणि परत नेला. जाताना काकांनी झिंग्यांची पुडी विनोदच्या हातात दिली.

विनोद आधी अशा कामाला लाजला. पण रीताने पाहिलं, पावसाळाभर तो दुपारी विश्रांतीच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा, झिंगा उंच धरून. पहिले आठ दिवस भुरी त्याच्याजवळ आली नाही. नंतर आली.

त्या वर्षी सानगडीची फेरी विनोदकडे आणि रीताकडे होती. विनोद गाडी चांगलीच पळवायचा. वेळेवर पोचल्याबद्दल बायांनी रीताला दोनदा शाबासकीही दिली. डिसेंबर आला. धान निघालं. एका दुपारी गाडी भरलेली, रीता अगदी मागे तिकिटं देत होती. पुढचं तिला काहीच दिसत नव्हतं. माणसांच्या पाठी, टोपल्या, एक सायकलचं चाक. आणि चालता चालता, कुठेही काही नसताना, इंजिनाचा आवाज खाली आला. गाडी हळू झाली. अगदी हळू, माणसाच्या चालीची.

“काहून हळू केली वो? इथं तं काई नाई!” मागच्या बाकावरचा एक जण करवादला.

रीता तिकीट देता देता थांबली. तिचा हात तिकिटाच्या मशीनवर तसाच राहिला. तिला एकदम रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

साकोलीला गाडी चार मिनिटं उशिरा लागली. रीताने नोंदवही काढली, मिनिटं लिहिली, आणि ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘पाखरं उडाली.’